जवलच हाय

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक असून ते शहापूर तालुक्याचे प्रवेशद्वार समजले जाते. खुद्द शहापुराला रेल्वे नाही. रूळ टाकताना तालुक्याचे गाव तीनेक किलोमीटर बाजूला राहिले, ते आजही तिथेच आहे. त्यामुळे शहापूरकर जन्मभर आसनगावला उतरतो आणि आसनगावकराला मुंबईत कोणी गाव विचारले तर तो शहापूर सांगतो. या व्यवस्थेबद्दल दोन्ही गावांची तक्रार नाही; रिक्षावाल्यांची तर मुळीच नाही.

कल्याण सोडले की शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. टिटवाळ्याला गणपतीचे भक्त उतरतात, खडवलीला नदीत डुंबायला निघालेली पोरे उतरतात आणि डब्यात एकाएकी वारा खेळू लागतो. लोकलच्या बाकावर चौथ्या माणसाला पूर्ण बसायला मिळणे हा या सहलीतला पहिला निसर्गचमत्कार होय. काही पर्यटक तो पाहूनच समाधान पावतात आणि झोपतात. अशांना आसनगाव लोकलचा एक मोठा फायदा मिळतो: ती पुढे जात नाही. कसारा लोकलमध्ये झोपलेला माणूस थेट घाटाच्या पायथ्याला जागा होतो.

गाडी इथे संपण्याची परंपरा जुनी आहे. वासिंदहून निघालेले रूळ ६ फेब्रुवारी १८६० रोजी आसनगावला पोचले आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. मधले जवळजवळ अकरा महिने या बाजूची आगगाडी आसनगावला येऊन थांबत असे आणि पुढचा मुलूख बैलांच्या ताब्यात होता. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरीला जायला रेल्वेला १८६५ उजाडले. मात्र रेल्वे अडून राहिलेल्या त्या वर्षांचा अपवाद सोडला तर हा प्रदेश कोणाच्याही प्रवासाचा शेवट नव्हता. सातवाहनांच्या काळातले व्यापारी इथून गेले, मोगलांच्या फौजा गेल्या, आग्रा रोड गेला, रेल्वे गेली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूरहून निघालेली मोटारही आता या डोंगरांच्या पोटातून, काचा वर करून, सुसाट जाऊ लागली. शहापूर आणि शेजारचा मुरबाड हे दोन्ही तालुके म्हणजे मुळात वाट आहेत. वाटेवर मुद्दाम थांबणारा तो पर्यटक, आणि त्याच्याकडे गावकरी ज्या कुतूहलाने पाहतात त्याचे कारणही हेच.

पर्यटकाला सर्वप्रथम स्थानिक मापनपद्धती समजून घ्यावी लागते. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. 'किल्ला कितीसा लांब आहे हो काका?' या प्रश्नाला 'जवलच हाय' असे उत्तर मिळते. उत्तर कोकणच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, हे व्याकरण झाले. अर्थ मात्र विस्तृत आहे. दोन शेते ओलांडून असलेले देऊळ जवलच असते, तीन तासांच्या चढावरचा किल्लाही जवलच असतो आणि सांगणाऱ्याची मावशी ज्या पाड्यात दिली आहे तो नदीपल्याडचा पाडाही जवलच असतो. यात फसवणूक नाही. सांगणारा माणूस ते अंतर डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चालतो. विचारणारा पाठीवर चिवड्याची पाकिटे घेऊन चालतो. 'थोडं पुढं जा न् कोनालाबी विचारा' हे उत्तर मिळाले, तर मात्र अंतर खरोखरच जास्त आहे असे समजावे.

इंग्लंडच्या ग्रामीण परगण्यांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा सर्वांचा हक्क कायद्याने राखलेला आहे. नकाशात ती वाट रेषेने दाखवलेली असते, कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात आणि वाट बहुधा चहाच्या दुकानाशी संपते. शहापुरातली वाट कोणाच्या तरी अंगणातून सुरू होते. अंगणातले कुत्रे परवानगी देते किंवा देत नाही. गूगल मॅपची बाई 'आपण इच्छित स्थळी पोचला आहात' असे जिथे सांगते तिथे एक गोठा असतो आणि गोठ्यातली म्हैस या घोषणेला सरावलेली असते. रस्त्यावर दिशादर्शक फलक आहेत. पण फाट्यावरची मोक्याची जागा बहुतेक वेळा कोणा 'भावी' लोकप्रतिनिधीच्या वाढदिवसाला गेलेली असते. जाणकार वाटाडे म्हणूनच 'शुभेच्छांच्या दुसऱ्या बोर्डाला डावीकडे' अशी खूण देतात. ही खूण वर्षभर टिकते.

प्रेक्षणीय स्थळांत पहिला मान माहुलीचा. समुद्रसपाटीपासून २८१५ फूट, म्हणजे ८५८ मीटर उंचीचा हा किल्ला ठाणे जिल्ह्यातला सर्वांत उंच मानला जातो. किल्ला एक नाही, तीन आहेत: मधला माहुली, एका अंगाला भंडारगड, दुसऱ्या अंगाला पळसगड. आसनगावच्या फलाटावरून तो स्पष्ट दिसतो आणि जवलच वाटतो. त्याच्या कडेला उभे असलेले सुळके ही ठाणे जिल्ह्यातली सर्वांत लांबलेली लग्नाची मिरवणूक. एक सुळका नवरा, एक नवरी, एक भटोबा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड असल्यामुळे वधूवरांच्या वयाचा मुद्दा काढण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात त्यांच्यामध्ये ढगांचा अंतरपाट धरला जातो, वारा मंगलाष्टके म्हणतो, अंतरपाट दूर होतो आणि सगळे होते तिथेच उभे असतात. बाजूला वजीर नावाचा आणखी एक सुळका आहे. लग्नाच्या मिरवणुकीत वजिराचे काय काम, असे विचारता येईल. पण प्रत्येक लग्नात असा एक ताठ उभा असलेला पाहुणा असतोच, जो मुलाकडचा की मुलीकडचा हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्यावर चढायला दोर, मेखा आणि घरच्यांची नजर चुकवण्याची कला लागते.

माहुलीचा इतिहास हा बाजू बदलण्याचा इतिहास आहे. निजामशाही वाचवण्याच्या अखेरच्या धडपडीत शहाजीराजांनी याच किल्ल्याचा आश्रय घेतला. बाल निजामशहा त्यांच्याजवळ होता. जिजाबाई आणि पाच-सहा वर्षांचे शिवाजीराजेही तेव्हा गडावर होते असे सांगितले जाते. मोगल सरदार खानजमान याने वेढा घातला, आदिलशाही फौज त्याला मिळाली आणि १६३६ मध्ये शहाजीराजांना किल्ला व निजामशहा दोन्ही सोपवावे लागले. निजामशाही इथे संपली. एक संपूर्ण राज्य ज्या जागी संपले तिथे पोचेपर्यंत साधारण ट्रेकरचे फक्त पाणी संपलेले असते. १६५८ मध्ये शिवाजी महाराजांनी माहुली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी त्यावर हल्ला केला, पण किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता आणि हल्ला फसला. यानंतर या विजयी किल्लेदाराने किल्लेदारीच सोडली. पुढे काय येणार हे ओळखून जिंकलेल्या अवस्थेत नोकरी सोडणारा हा इतिहासातला दुर्मीळ शहाणा माणूस असून त्याचे स्मारक कुठेही नाही. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी किल्ला घेतला. मराठ्यांनाही माहुली पहिल्या झटक्यात मिळाला नाही, ही माहिती अर्ध्या चढावर बसून धापा टाकणाऱ्यांना फार धीर देते आणि ती तिथे मोठ्या आवाजात सांगितली जाते.

चढ खडा आहे. वाट जंगलातून एका सोंडेवर येते आणि सोंड सरळ वर जाते. 'वळसा' हा शब्द तिला माहीत नाही. शेवटी एक लोखंडी शिडी लागते. शिडीपाशी प्रत्येक गटात एक माणूस 'तुम्ही जाऊन या, मी सामान सांभाळतो' असे म्हणतो आणि त्या सामानातला खाऊ परत येईपर्यंत निम्मा होतो. वर तलाव, पडके वाडे आणि दरवाजाचे अवशेष आहेत. समोर तानसा धरणाचे पाणी दिसते. ते दिसताच सर्वजण आपापल्या बाटल्यांकडे पाहतात.

पाणी हा या तालुक्याचा मुख्य देखावा आणि मुख्य विषय आहे. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची ही दगडी भिंत मुंबईची तहान भागवण्यासाठी बांधली गेली. पुढे वैतरणेवर मोडकसागर आला, मग भातसा, मग मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळ जातो आणि त्यातला निम्मा, सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचा. मुंबईकर भातसाला ओळखतो, पण टक्क्यांमध्ये. जुलै महिन्यात तो रोज सकाळी पेपरात भातसा किती टक्के भरला ते वाचतो, पोटच्या पोराच्या दहावीच्या निकालात नसेल इतकी आस्था त्या आकड्यात असते, आणि नव्वद टक्क्यांच्या वर गेला की वर्षभरासाठी विसरतो. हे टक्के कुठल्या जिल्ह्यात साठवलेले असतात याचा त्याला पत्ता नसतो. सहलीला आल्यावर धरणाची भिंत पाहून तो थबकतो. ओळखीच्या माणसाचा फक्त फोनवरचा आवाज ऐकलेला असावा आणि एके दिवशी तो सहा फुटी निघावा, तसे काहीसे होते.

पाण्याची ही रीत इंग्लंडातही तशीच चालली. कंबरलंड परगण्यातल्या थर्लमिअर सरोवरावर बांध घालून त्याचे पाणी शंभर मैलांच्या आतबाहेर दूर असलेल्या मँचेस्टरला नेले गेले. ते १८९४ मध्ये पोचले. तानसाच्या पाण्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे या एका बाबतीत मुंबईने मँचेस्टरला मागे टाकले. थर्लमिअरच्या वेळी डोंगराचे सौंदर्य बिघडेल म्हणून तिथल्या निसर्गप्रेमींनी मोठा गदारोळ केला होता. शहापूरची तक्रार सौंदर्याची नाही. उन्हाळा आला की या तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना टँकरने पाणी येते. माणूस आत शिरेल एवढे जाडजूड नळ शेताच्या बांधावरून मुंबईकडे धडधडत जात असतात आणि त्यांच्या सावलीत बाया हंडे लावून टँकरची वाट पाहत असतात. पाहुण्याने 'एवढं पाणी उशाशी आणि तुम्हाला टँकर?' असे विचारू नये. हा प्रश्न इथे पूर्वी पुष्कळांनी विचारलेला आहे, त्यांतल्या काहींनी मते मागताना विचारलेला आहे आणि प्रत्येकाला चहा देण्यात आलेला आहे.

तानसाभोवतीच्या अभयारण्यात एक पक्षी राहतो, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रानपिंगळा नावाचे हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाच दिसेना आणि ते नामशेष झाले असे जगाने ठरवले. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना ते खानदेशात शहाद्याजवळ सापडले. २०१४ मध्ये ते चक्क तानसाच्या जंगलात दिसले. शंभर वर्षे हरवलेला प्राणी मुंबईपासून शंभर किलोमीटरवर बसला होता. तेव्हापासून भल्या पहाटे मोठमोठ्या नळ्यांचे कॅमेरे घेतलेली, कुजबुजत बोलणारी माणसे इथे येतात. सर्व पर्यटकांत ही मंडळी सर्वांत शांत. एरवीच्या पर्यटकाबरोबर स्पीकर येतो आणि पिंगळ्याने शंभर वर्षे तोंड का लपवले असावे याचा उलगडा होतो.

स्पीकर येतो तो धबधब्यावर. कसाऱ्याहून खोडाळ्याच्या रस्त्याला लागले की विहीगाव आहे आणि तिथल्या धबधब्याचे आजचे नाव अशोका. २००१ मध्ये शाहरुख खानच्या 'अशोका' चित्रपटातले गाणे इथे चित्रित झाले, तेव्हापासून. खऱ्या सम्राट अशोकाचीही ठाणे परिसराशी ओळख होती. सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना मिळाला. पण त्या लेखात सम्राटाच्या धर्मयात्रांची हकीगत आहे, गाणे नाही. त्यामुळे सम्राटाला संग्रहालयातले कपाट मिळाले आणि नटाला एक अख्खा धबधबा. पावसाळ्यात अपघात वाढले की धबधब्यांवर जाण्यास मनाई करणारा आदेश जिल्हा प्रशासन काढते. आदेशाची बातमी छापून येते. त्या बातमीत बंदी घातलेल्या ठिकाणांची नावे सविस्तर दिलेली असतात आणि पुढच्या रविवारी कुठे जावे, हा अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

डोळखांबच्या पुढे, डेहणे गावावर सह्याद्रीची एक प्रचंड भिंत उभी आहे, तिचे नाव आजोबा. वाल्मीकी ऋषींचा आश्रम इथे होता, लव-कुश इथेच जन्मले आणि ते वाल्मीकींना आजोबा म्हणत, अशी समजूत आहे. वर 'सीतेचा पाळणा' दाखवतात. नातवाच्या नात्याने जाणारा पर्यटक चढताना आजोबांच्या वयाचा होतो, ही गोष्ट वेगळी. या नावाचा आणखी एक प्रवासी या भागात होऊन गेला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडण्यात आला. तो पोक्त दिसत असल्याने संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे नाव आजोबा ठेवले. त्याने साडेतीन आठवड्यांच्या आसपास चालून सव्वाशेच्या घरात किलोमीटर तोडले, आग्रा रोड ओलांडला, कसाऱ्याकडचे रूळ ओलांडले, वसईची खाडी पोहून गेला आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम ठोकला. वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही, कोणाला पत्ता विचारला नाही, कचरा टाकला नाही आणि दगडावर आपले व प्रेयसीचे नाव कोरले नाही. नोंदल्या गेलेल्या सर्व पर्यटकांत याच्याइतका सभ्य दुसरा नाही. २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये चित्रपट निघाला, त्यात संशोधिकेचे काम ऊर्मिला मातोंडकरने केले.

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही; कल्याण–मुरबाड रेल्वेची चर्चा मात्र आहे आणि ती निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे नियमित धावते. आसनगावहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाता येते. शेअर जीपमध्ये किती माणसे मावतात हे वाहनाच्या कागदपत्रांवर लिहिलेले असते. पण ड्रायव्हर ते कागद वाचायला बसत नाही, कारण त्याच्या मांडीवरही एक प्रवासी असतो. सरळगावनंतर वाट सरळ राहत नाही.

मुरबाडचे वैभव म्हणजे नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल जुन्नरला चढवण्यासाठी सातवाहनांनी सह्याद्रीची ही खिंड वापरली. पायथ्याचे वैशाखरे गाव ठाणे जिल्ह्यात, माथा पुणे जिल्ह्यात. म्हणजे दम ठाण्यात लागतो आणि वारा पुण्यात. आता माथ्यापर्यंत जुन्नरकडून डांबरी रस्ता झाल्याने तीन तास दगडी वाट चढून आलेल्या ठाणेकर ट्रेकरला सर्वप्रथम मक्याचे कणीस भाजणारा माणूस आणि मोटारींची रांग दिसते. मोटारीतून आलेली मंडळी त्याला 'खालून चालत आलात? बापरे!' असे म्हणतात आणि त्यातल्या 'बापरे'मध्ये कौतुक किती आणि कीव किती, याचा हिशेब तो कणीस संपेपर्यंत करत राहतो.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. दोन हजार वर्षांपूर्वीही या मुलखातून जाणाऱ्याला थांबवून पैसे घेण्याची सोय होती. रांजणाला फास्टॅग नव्हता, पण रांग असणारच. खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासह कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याची ती यादी. आकडे अंकांत कोरलेले असल्याने भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीचे स्थान फार मोठे आहे. ते प्रथम ओळखले भगवानलाल इंद्रजींनीच. लग्नात भटजींना काय दिले याचा हिशेब भिंतीवर कायमचा कोरून ठेवणारी ही पहिलीच यजमानीण नसेल, पण तिचे अक्षर टिकले. मागच्या भिंतीवर राजघराण्याचा सामुदायिक पुतळा होता: सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार, महारठी, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. आज नावे आहेत आणि पावलांच्या खुणा आहेत, मधली माणसे गेली. इतक्या जुन्या फॅमिली फोटोत फक्त नावे आणि पाय शिल्लक राहिलेले पाहून पर्यटक क्षणभर गंभीर होतो आणि मग त्याच रांगेत उभा राहून स्वतःचा फोटो काढतो.

हे लेणे १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 'शोधले'. त्याआधीची दोन हजार वर्षे हमाल, बैलवाले, यात्रेकरू आणि चोर त्याच लेण्यात पावसाला थांबत होते; पण त्यांच्यापैकी कोणी लंडनला निबंध पाठवला नाही. पावसाळ्यात नाणेघाटाचा धबधबा उलटा वाहतो, म्हणजे कड्यावरून खाली पडणारे पाणी पश्चिमेचा वारा उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. विज्ञानाच्या दृष्टीने यात केवळ वाऱ्याचा जोर आहे. परंतु या दोन तालुक्यांतले पाणी एकदा तरी मुंबईकडे जायला नकार देते, हे पाहून जुने शहापूरकर मान डोलावतात.

मुरबाड तालुक्यातल्याच सिद्धगडाकडे मात्र थट्टेचा सूर घेऊन जाता येत नाही. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी गाठून केलेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दर वर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात. जवळच देहरी गावावर गोरखगड आणि मच्छिंद्रगड आहेत, गुरू-शिष्यांच्या नावाचे. त्यांत शिष्याच्या गडावर पायऱ्या आहेत म्हणून गर्दी असते. गुरूच्या सुळक्यावर दोराशिवाय चढता येत नाही, त्यामुळे गुरू निवांत.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेव्हा धबधबे आटलेले असतात, त्यामुळे ट्रेकर नसतो आणि मुलूख घरच्या माणसांचा असतो. इथला बैलबाजार प्रसिद्ध आहे. घोंगड्या, टोपल्या, विळे-कोयते, मिठाई आणि पाळणे यांची रेलचेल असते. बैल विकत घेणारा आधी दात पाहतो, मग चाल पाहतो, मग मालकाकडे पाहून 'बैल थोडा थकलाय' असे म्हणतो. मालक 'थकला तो मी, त्याच्या मागं धावून' असे म्हणतो. दोघांचे खोटे परस्परांना मान्य झाले की सौदा होतो. मोटार विकत घेणाऱ्यांनी इथे एक दिवस शिकायला यावे.

खाण्याची सोय दोन प्रकारची. हायवेवर 'चुलीवरचे जेवण' असे फलक लागलेले आहेत. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांनी मोठ्या कष्टाने गॅस घेतला, त्याच सुमारास गॅस असलेल्या घरांना चुलीची ओढ लागली. दोघांची गाठ या फलकाखाली पडते. दुसरा प्रकार पाटीवाल्या बायांकडे. उन्हाळ्यात ठाकूर आणि कातकरी बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे-जांभळे विकायला बसतात. पावसाच्या तोंडाला शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत अशा रानभाज्या. शेवळं घेणाऱ्या पाहुण्याने सोबत काकडं घ्यावीत. ही आंबट फळे घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजवतात. पाटीवाली हे दोनदा सांगते. पाहुणा दोन्ही वेळा मान हलवतो, काकडांचे दहा रुपये वाचवतो आणि रात्री घरातले सगळे एकमेकांकडे न पाहता घसे खाकरतात.

या भागातून न जाता इथेच राहावे असे वाटणाऱ्यांसाठी प्लॉट आहेत. 'मुंबईपासून फक्त नव्वद मिनिटे' अशी त्यांची जाहिरात असते. ही नव्वद मिनिटे पहाटे साडेतीन वाजता निघणाऱ्या, एकट्या, शूर माणसाची आहेत. जाहिरातीत डोंगर, झरा आणि झोपाळा असतो. प्लॉट पाहायला नेणारा एजंट डिसेंबरात नेतो आणि 'पाणी?' असे विचारल्यावर समोरच्या धरणाकडे बोट दाखवून म्हणतो, 'साहेब, हे काय, जवळच आहे.'

परतीसाठी आसनगाव स्थानक सोयीचे, कारण इथून सुटणारी लोकल रिकामी मिळते. संध्याकाळी फलाटावर ट्रेकर, पक्षीवाले, प्लॉटवाले आणि कल्याणच्या बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या बाया एकत्र येतात. खिडकी भाजीवालीला मिळते. तिला डबा नेमका कुठे थांबतो ते माहीत असते. ट्रेकर तिच्या समोर बसतो, पाय आवरतो आणि माहुली आपण किती वेळात चढलो ते सोबत्यांना ऐकवतो. ती बाई माहुली गावचीच असते आणि खिडकीबाहेर पाहत असते. मुंबईत घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतात. घरात येऊ न देता बूट आधी बाथरूममध्ये नेले जातात आणि नळ सोडला जातो. माहुलीचा चिखल चिवट असतो. तो निघायला भातसाच्या दोन बादल्या लागतात, लेस धुवायची तर तीन.